टेपमास्तरांची जीप

सरांनी माझी टेप लावली नाही. एवढं एक सोडलं तर त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आज मी चार माणसांत खुर्ची ओढून बसतो, तो त्यांच्यामुळं. हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे, आत्ताही तेच करतोय. पण टेप लावली नाही ती नाहीच. माझं दहावीला बसणं त्या टेपवर अडलेलं होतं आणि सरांना ते माहीत होतं. नारायणगावच्या बाजारात माझ्याशी टोमॅटोचा व्यवहार केलेल्या कुणालाही विचारा, मी एखादी गोष्ट अशी सोडून देणारा माणूस नाही.

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. शिकवायचे हा शब्द आमच्या गावातल्या मोठ्या माणसांना मान्य नव्हता. सर वर्गात येत, टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवत आणि सरळ मागं जाऊन शेवटच्या बाकावर खिडकीशी बसत. पुढं उभं राहून पोरं बोलत. सर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसत. त्यावरून सोसायटीच्या ओट्यावर रोज चर्चा व्हायची. गावात त्यांना टेपमास्तरच म्हणत. एकदा एक जण त्यांना तोंडावरच बोलला, "मास्तर, आमची पोरं एकमेकाला शिकवत्यात आन तुमी शेंगा खाता, हे बरं हाय राव."

सर म्हणाले, "सोलताना बघितलंत. खाताना कुणी बघितलं?"

आणि ते खरं होतं. सोललेले दाणे मधल्या सुट्टीत, डबा न आणलेल्या पोरांच्या हातात जायचे. त्या पोरांत पुष्कळदा मी असायचो.

सरांचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यातलं. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. नारायणगावात एका खोलीत राहायचे आणि लुनावरून शाळेला यायचे. आमची शाळा खोडदच्या रस्त्याला. लुनावर पुढं दोन्ही पायांच्या मधे, दुपट्यात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. वाटेत बायका विचारायच्या, "गुरुजी, तान्हं घिऊन कुठं निघाला?" सर म्हणायचे, "शाळेत. वय झालं त्याचं." वर्गात मात्र त्या टेपला ते पावणं म्हणत. "पावण्यांना पाट द्या" म्हणजे टेबल पुसा. "पावण्यांनी ऐकलं, आता मागं घेता येणार नाही," असं ते रेकॉर्डिंग झाल्यावर म्हणायचे, आणि पोरगं घामाघूम व्हायचं.

शाळेत लाइट असली तर असायची, म्हणून पावणं सेलवर चालायचे. सेल संपले की सर ते फेकत नसत. मिरच्या वाळत घालाव्यात तसे शाळेच्या कठड्यावर उन्हात मांडून ठेवत. "सेल मेलेला नसतो, दमलेला असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुपारपर्यंत ऊन खाऊन ते सेल खरंच पुन्हा थोडा वेळ चालत. कठड्यावरचे सेल कुणी खेळायला नेऊ नयेत म्हणून पोरं पाळीनं राखण करायची. आमच्या शाळेत राखणीची पाळी असायची आणि ती सेलांची असायची, हे पुण्यात सांगितलं तर कुणाला पटत नाही.

टेप पुरताच बिघडला तर सर जुन्नरला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडं न्यायचे. चाचा आमच्यासमोर एकदा त्यांना म्हणाले होते, "गुरुजी, ये मशीन नहीं, पेशंट है. घर के लोगों को बोल दो, जो खिलाना है खिलाओ." सरांना त्याचं फार हसू आलं. पण ते त्याला आणखी सात-आठ वर्षं खिलवत राहिले.

आता त्यांची पद्धत. नारायणगावहून जुन्नरला शेअर जीप जातात, त्यात आम्ही सगळे कधी ना कधी टपावर बसलेले. सरांनी वर्गाची जीप केली होती. एका पोरानं धडा समजून घ्यायचा आणि घरच्या भाषेत तो टेपवर बोलायचा. तो ड्रायव्हर. मग वर्गात टेप लागायची. ऐकणारे पॅसेंजर. टेपवर झाकणापाशी एक तीन आकडी चकती होती, टेप पुढं सरकेल तसे आकडे फिरायचे. ऐकताना जिथं आपलं समजणं सुटलं तिथं हात वर करायचा. टेपजवळ बसलेलं पोरगं, तो क्लीनर, चकतीवरचा आकडा फळ्यावर लिहायचा. म्हणजे तू तिथं उतरलास. टेप संपली की उतरलेल्या प्रत्येकानं भाडं द्यायचं. भाडं म्हणजे एक प्रश्न. नुसतं 'कळलं नाही' चालायचं नाही. ज्याचं उत्तर मिळालं तर मी परत गाडीत चढेन, असा प्रश्न पाहिजे. ड्रायव्हरनं त्या आकड्यापासून टेप पुसून परत भरायची.

'छान' आणि 'वाईट' हे दोन शब्द बंद होते. जो म्हणेल तो पुढचा ड्रायव्हर.

"टेप बिनचूक झाली आणि गाडीत कुणीच उरलं नाही, तर काय झालं?" सर विचारायचे.

वर्ग ओरडायचा, "जीप जुन्नरला गेली! रिकामी गेली!"

आणि बोलणारं पोरगं घाईनं मागं वळून "सर, बरोबर का?" म्हणालं, की सर खिडकीबाहेर बघायला लागायचे. बाहेर लांब खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या छत्र्या आभाळाकडं तोंड करून उभ्या. "मला कशाला विचारतो? मला आधीपासून येतं. ज्याला येत नव्हतं त्याला विचार." कुणी फारच लावून धरलं तर छत्र्यांकडं बोट दाखवायचे. "त्यांच्याकडं बघ. एक अक्षर बोलत नाहीत. नुसतं ऐकून तारे ओळखतात. तुला दोन हातांवरचा बबन कळत नाही?"

हा बबन आमच्या वर्गातला शेवटचा पॅसेंजर. त्याला समजलं की सगळ्या गावाला समजलं असं धरायचं.

मी पहिली टेप केली ती विजेच्या धड्याची. दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ का विझते, हा विषय. मी पुस्तक पाठ करून दणादण म्हणून टाकलं. एक चूक नाही. वर्गात टेप लागली आणि हात वर व्हायला लागले. क्लीनरचा खडू पुरेना. माझं डोकं तापत गेलं. शेवटी बबनची पाळी आली. तो उठून म्हणाला, "सर, मी उतरलो न्हाय."

मला बरं वाटलं.

"मी चढलोच न्हाय. गाडी थांबलीच न्हाय की."

मी डस्टर उचलून त्याला मारला. लागला नाही, भिंतीला आपटला. सगळा वर्ग सरांकडं बघायला लागला. सर उठले, डस्टर उचलून जागेवर ठेवला आणि मला म्हणाले, "लागला असता तर तो चढला असता का?" बस. मग मधल्या सुट्टीत मला एकट्याला टेपसमोर बसवलं आणि माझीच टेप लावून दिली. स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा तसा बाहेरून ऐकला. कुणीतरी मागं लागल्यासारखा पळत होता. 'हा माझा आवाज नाही, सेल उतरलेत,' म्हणून मी भांडलो. खिडकीतून पोरं ओरडली, "तुजाच हाय! रोज असाच बोलतो!"

पुढच्या दोन टेपांत थोडे थोडे लोक टिकले. प्रत्येक वेळी मी चिडलो, प्रत्येक वेळी त्यांचे प्रश्न घेऊन घरी गेलो. बबनचा प्रश्न होता, "वीज आली कुठून त्ये तू सांगतो. पण ती जाती कुठं?" त्या एका प्रश्नानं माझा सगळा धडा उलटापालटा झाला. चौथी टेप मी आमच्या गणपतीची माळ हातात धरून, एकेक दिवा मोजत, बबन समोर बसलाय असं समजून भरली. ती वर्गात लागली तेव्हा एकही हात वर झाला नाही. टेप खटकन थांबली. बबन इकडंतिकडं बघून म्हणाला, "आँ? जुन्नर आलं?"

मी पळत मागं गेलो. "सर, कशी झाली?"

"मला कशाला विचारतो," सर म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.

एक शब्द बोलायचा होता त्यांना. शाबास. टेपवर सुद्धा नको, नुसतं तोंडी. नाही बोलले.

याच माणसाशी मी पुढं मोठेपणी एक सौदा करायला गेलो होतो, तोही सांगून टाकतो. तोवर माझा बाजारात जम बसला होता. दोन-तीन राज्यांत माल जात होता. शाळेला जुने का होईना कॉम्प्युटर पाहिजेत म्हणून सर माझ्या गाळ्यावर आले. निवृत्ती जवळ आलेली, लुना तीच. चहा झाला. कॉम्प्युटरचं काय करणार म्हणून विचारलं तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "यात पोरांचं बोलणं भरून ठेवता येतं, आणि पुसायला लागत नाही. पहिली चूक, दुसरी चूक, सगळ्या रांगेनं राहतात. पोराला दाखवता येतं की बाबा, तू इथनं इथवर आलास. टेपमधे ते सगळं पुसून जायचं रे." त्यांना त्याची एवढी हळहळ होती हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "देतो. पण माझी एक अट आहे. नववीतली माझी माळेची टेप मला पाहिजे."

सर म्हणाले, "ती? तिच्यावर पुढच्या वर्षीच्या पोरांनी पचनसंस्था भरली."

मी उठून उभा राहिलो. गाळ्यावरची माणसं बघायला लागली. सर शांतपणे चहा फुंकत होते. "कॅसेट शाळेची होती," ते म्हणाले. "तुझ्यात जे भरलं गेलं ते तुझ्याकडंच आहे ना?"

कॉम्प्युटर दिले. सौद्यात मी हरल्याची उदाहरणं फार नाहीत, त्यातलं हे एक. आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच बोलत होते. बाजारात माझं पोट चालतं ते त्यांच्या जीपवर. मी भाव सांगायला लागलो की माझं लक्ष समोरच्याच्या तोंडाकडं असतं. कुठल्या शब्दाला त्याची नजर हलली, कुठं तो उतरला. तिथंच थांबतो, 'इथं काय पटलं नाही ते बोला' म्हणतो. नवीन बियाणं लावायचं असेल तर मी शेतकऱ्याला 'चांगलं आहे का' असं कधी विचारत नाही. 'कुठं घोटाळा वाटतो' एवढंच विचारतो. माझ्यापेक्षा जास्त भांडवलाची माणसं या धंद्यात बुडाली. त्यांच्याभोवती सगळे छान म्हणणारे होते. मला ते दोन शब्द लहानपणीच बंद झाले होते.

तर आता ती टेप.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, मार्केट यार्डात हमाली करायचे. नववीची वार्षिक परीक्षा तोंडावर आली तसं त्यांनी सांगून टाकलं, "नववी झाली का मामाच्या जीपवर जायाचं. त्याला क्लीनर पायजे. भाईरच्या पोरापरीस घरचा बरा."

मी म्हटलं, "तात्या, माझं शाळेत चांगलं चाललंय."

"कोण म्हनतं?"

इथंच माझी पंचाईत झाली. कोण म्हणतं? मार्क बेताचे होते. सर तर काही म्हणतच नव्हते. बबन म्हणतो असं सांगितलं असतं तर तात्या हसले असते. तेवढ्यात मला आठवलं की पुढच्या आठवड्यात तपासणीला विस्तार अधिकारी येणार आहेत आणि पालकांनाही बोलावलंय. गावातल्या लोकांनी सरांच्या टेपबद्दल वरती तक्रार केली होती, त्यामुळं साहेब खास विज्ञानाचा तास बघणार होते.

मी म्हटलं, "साहेबांपुढं माझी टेप वाजली तर दहावी करू द्यायची. नाही वाजली तर मामाची जीप. तुम्ही स्वतः येऊन बघा."

तात्यांनी थोडा विचार केला. "सायबापुढं?"

"साहेबापुढं."

"जमलं."

माझ्या आयुष्यातला हा पहिला सौदा. मला खात्रीच होती. अख्ख्या वर्गात शेवटपर्यंत भरलेली जीप माझीच होती. दुसऱ्या दिवशी सरांना गाठून सगळं सांगितलं. सर कठड्यावरचे सेल उलटे करत होते.

"सौदा कुणी केला?"

"मी."

"टेप कुणाची? तास कुणाचा?"

"तुमचा."

"मग मला न विचारता माझा माल विकलास की रे," सर म्हणाले. मी वाट बघत उभा राहिलो. त्यांनी सगळे सेल उलटे केले, हात झटकले आणि आत गेले. मी समजलो, लावणार. कोण असा निष्ठुर असेल?

तपासणीच्या दिवशी पालक मागं बाकांवर बसले. तात्या सगळ्यात कडेला, यार्डातल्याच कपड्यांत, टोपी मांडीवर. साहेब पुढं खुर्चीत, शेजारी आमचे हेडमास्तर रुमालानं मान पुसत उभे. सर नेहमीच्या जागी खिडकीशी. त्यांनी क्लीनरला खूण केली. क्लीनरनं कॅसेट घातली. माझ्या कॅसेटला मी लाल कागद चिकटवला होता. या कॅसेटवर लाल कागद नव्हता.

आवाज आला तो शालनचा. शालन पिंपळवंडीची, द्राक्षवाल्या घरातली. हुशार, पण तिची ही टेप पहिलीच, दोन दिवसांपूर्वी भरलेली, वर्गात एकदाही न लागलेली. विषय होता पाण्यात काठी वाकडी का दिसते. मला पहिल्या मिनिटाचं काही ऐकू आलंच नाही. कान नुसते गरम झाले होते. तात्यांकडं बघायची छाती होत नव्हती. त्यांना धडा तर कळलाही नसेल, पोरीचा आवाज म्हणजे माझा नाही एवढं मात्र कळलं असणार.

मग टेपमधली शालन म्हणाली, "उजेड हवेतनं पाण्यात गेला का दमतो. दमल्यामुळं तो हळू चालतो, म्हणून वाकतो."

मी ताडकन उभा राहिलो. हात वर करायचा असतो, मी ओरडलो, "उतरलो!"

हेडमास्तर म्हणाले, "ए! खाली बस! साहेब, हा जरा..."

साहेबांना काही समजेना. "उतरलो म्हणजे? कुठं उतरला?"

सर काही बोलले नाहीत. शालन उठली, तिनं स्वतःच टेप बंद केली आणि माझ्याकडं वळली. "टेप संपायच्या आत वरडतो व्हय? उतरलास ना? मग भाडं काढ!"

"उजेड काय बैल आहे का दमायला?"

"ह्यो काय प्रश्न झाला? टोमना झाला. भाडं काढ."

"बरं, हे घे. दमलेला बैल विहिरीतनं बाहेर काढला तर पळतो का? उजेड पाण्यातनं बाहेर आला की परत होता तसा पळतो. पुस्तकात दिलंय. कसा?"

शालननं बाहेरच्या कठड्याकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "आपला सेल न्हाय का? दमतो, उन्हात ठिवला का परत चालतो."

सगळा वर्ग हसला आणि सरांकडं वळला. सर खिडकीबाहेर छत्र्या बघत होते.

मी म्हटलं, "सेलाला दुपारपर्यंत ऊन लागतं. उजेडाला कुठल्या कठड्यावर बसवतेस? तो तर पाण्यातनं निघाल्या निघाल्या पळतो."

आता ती खरंच अडकली. तिचे कान लाल झाले. ती खाली बघत पुटपुटली, "दमत न्हाई... दमत न्हाई, मग..." आणि एकदम मान वर केली. "चिखल! गाडी चिखलात शिरली का हळू व्हती. बैल दमल्याला नसतोय, चिखलच धरतो. भाईर आली का परत पळती."

"हळू होईल. पण वाकेल कशानं? चिखलात गाडी सरळच जाते."

"तिरपी घातली तर?" हे मागून बबन. तो उभा राहिला नव्हता, बसल्या जागीच स्वतःशी बोलल्यासारखा बोलला. "एक चाक आदी शिरतं. त्ये अडाकतं. दुसरं भाईरच पळतं. मग गाडी वळतीच की."

मग साहेब खुर्चीतून पुढं सरकले. तपासणी, तक्रार सगळं विसरून त्यांनी शालनला विचारलं, "आणि सरळ घातली तर? नव्वद अंशात?"

"मग दोनी चाकं एकदमच शिरत्यात. नुसती हळू व्हईल. वळायची न्हाई."

साहेब उठले. फळ्यावर पाण्याची रेघ काढली, वरून तिरपी गाडी काढली, दोन चाकं काढली. एक चाक रेघेखाली नेलं, मग स्वतःच काढलेल्या चित्राकडं बघत राहिले. नंतर मागं वळून म्हणाले, "गुरुजी, हे बरोबर आहे ना?"

अख्खा वर्ग मागं वळला. आता साहेबाला तरी हा माणूस उत्तर देणार!

"मला आधीपासून येतं, साहेब," सर अदबीनं म्हणाले. "माझं काय विचारता? बबनला विचारा."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेब हसले. इतके हसले की त्यांना फळ्याला हात टेकावा लागला. त्यांनी वरती काय कळवलं ते आम्हाला कधी समजलं नाही. टेप मात्र बंद झाली नाही.

पण माझी टेप वाजली नव्हती.

मोठा झाल्यावर मला सरांचं गणित कळलं. माझी टेप लावली असती तर साहेबांनी माळेची गोष्ट शांतपणे ऐकली असती, मान डोलावली असती आणि एक पाठांतर ऐकून गेले असते. सरांना साहेबांना दाखवायचा होता तो अर्धा कच्चा माल आणि पोरं तो कसा पक्का करतात ते. मला हे पटतं. मान्य नाही. माझी दहावी पणाला लागली होती, त्यांची नाही.

शाळा सुटल्यावर तात्या आणि मी रस्त्याला लागलो. मीच म्हटलं, "माझी नव्हती ती टेप."

"कळलं की. पोरीचा आवाज व्हता."

"म्हणजे मी हरलो."

तात्या चालत राहिले. मग म्हणाले, "मंग तू मधीच का वराडला?"

"ती चुकीचं सांगत होती."

"सायब बसला व्हता ना?"

"बसला असला म्हणून काय झालं? चूक ती चूक."

तात्या थांबले. टोपी काढली, झटकली, परत घातली. "यार्डात मला कुणी बी गप करतं. दोन शब्द पुस्तकातलं बोलला का आमी गप. बरोबर असलो तरी गप." ते माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते. "तुला आज कुणी गप न्हाई केलं. हेडमास्तर 'बस' म्हनला तरी बसला न्हाईस. सायब उठून फळ्यापाशी गेला."

तात्या परत चालायला लागले.

"मामाला सांगतो, दुसरा पोरगा बघ म्हनून. तुला जीपवर ठिवला तर पाशिंजराशी भांडून धंदा बुडवशील त्याचा."

"पण सौदा ठरला होता, तात्या."

"सौदा तुजा न माजा. मोडायचा तर आपुनच मोडायचा." थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "भांडणार तर तू हाईसच. निदान शिकून भांड."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. सरांशी बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो आणि त्यांनाही त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. शालन पावण्यांसमोर बसली होती. 'दमतो' पासून पुढचं सगळं पुसून तिला नवीन भरायचं होतं. तिनं मला हाक मारली.

"इकडं ये. तुजा प्रश्न टेपमधी घेनारे मी. त्याशिवाय चिखल कुठून आला त्ये कुणाला कळायचं न्हाई. विचार."

मी उभा राहिलो आणि विचारलं, "दमलेला बैल बाहेर काढला तर पळतो का?"

तिनं टेप थांबवली. "असं मिळमिळीत नगं. कालच्यावानी विचार. चिडून."

"आता कसा चिडू? आता काय झालंय?"

"त्ये मला नगं सांगू. चिडून पायजे."

तिनं बटण दाबलं. मी मागं वळून सरांकडं बघितलं, आणि विचारलं.

पहिल्याच झटक्यात जमलं.